साडेतीनचा रिलिव्हर

आमचं कपडे धुण्याचं मशीन शर्टांचे हात खातं, असं मी एकदा नवऱ्याला म्हणाले. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

व्हायचं मात्र खरंच तसं. सकाळी पूर्ण बाह्यांचे शर्ट आत टाकावेत आणि संध्याकाळी धुऊन-वाळून निघावेत ते बिनहातांचे. बाह्या दोन्ही उलट्या होऊन शर्टाच्या पोटात शिरलेल्या असायच्या. बाकी शर्ट कोरडा ठणठणीत आणि बाह्या तेवढ्या मनगटाशी ओल्या. ऑफिसातून थकून आल्यावर एकेका शर्टात कोपरापर्यंत हात घालून बाह्या ओढून काढायच्या, हे माझं रोजचं काम होऊन बसलं. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, ड्रम उलटसुलट फिरतो, बाह्या आत जातात. लोड कमी टाका." मी काहीही विचारलं की तो लोड कमी टाका म्हणायचा.

मशीन मीच हट्टाने आणलं होतं. पुनावळ्यात आम्ही राहायला आलो तेव्हा खिडकीसमोर शेत होतं. पुढे तिथे एकदम तीन टॉवर उठायला लागले. सिमेंटची धूळ आणि हायवेचा धूर. गॅलरीत वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखाडी होऊन आत यायचा आणि मी बिल्डरला शिव्या घालत तो पुन्हा भिजवायचे. मग दुकानात हे मशीन दिसलं. एकाच पोटात धुणार आणि वाळवणार. विकणारा मुलगा दारावर थाप मारून म्हणाला, "याला बाहेर हवा सोडायची नळी नाही मॅडम. हवा आतल्या आत फिरते. वाफेचं पाणी होऊन खालून निघून जातं. बाहेर काहीच येत नाही." मला तेच आवडलं. धुळीने वैतागलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

फक्त वेळ फार लागायचा. धुऊन वाळवून मोकळं व्हायला सहा तास. आमच्या सोसायटीत पाणी नऊनंतर सोडतात आणि मी चाकणच्या कंपनीत जायला सातलाच निघते. म्हणून जाताना कपडे भरून मी वेळ लावून जायचे. बरोबर साडेनऊला मशीन कुणी हात न लावता सुरू व्हायचं, आणि साडेतीनला एक छोटीशी धून वाजवून संपायचं. संपायचं म्हणजे पुरतं नाही. कपडे चुरगळू नयेत म्हणून दार उघडेपर्यंत ड्रम दर थोड्या वेळाने स्वतःच एक-दोन फेरे घ्यायचा. घरात सामसूम असावी आणि पॅसेजच्या टोकाला कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज यावा. सुरुवातीला मी दचकायचे, मग सवय झाली.

साडेनऊ आणि साडेतीन. या वेळा मी फक्त पाण्याच्या हिशेबाने लावल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवते.

मशीन घेतलं त्याच वर्षी मी आबांना, माझ्या वडिलांना, आमच्याकडे आणलं. ते पिंपरीतल्या एका कंपनीत तीस-बत्तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातणाऱ्या मशीनवर, टर्नर होते. आई गेल्यावर पिंपरीच्याच खोलीत एकटे राहायचे. एकदा दूध उतू जाऊन गॅस तसाच सुरू राहिला आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. शेजाऱ्यांनी मला फोन केला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आठवण अलीकडच्या बाजूने पुसली जाणार, जुनं सगळ्यात शेवटी जाईल.

मला त्यांच्या जुन्यातलंच एक हवं होतं. मी त्यांची एकुलती एक. मी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात जन्मले, कंपनीपासून सायकलवर दहा-पंधरा मिनिटांवर. आणि त्या दिवशी आबा मला बघायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, दारातच उभे राहिले, मला हातात घेतलं नाही. हे आईनेच मला सांगितलेलं. नंतर दरवर्षी माझ्या वाढदिवशी ते रजा टाकायचे आणि सकाळीच कुठेतरी निघून जायचे, ते दिवेलागणीला परतायचे. एकदा मी आठ-नऊ वर्षांची असताना आईला विचारलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांना मुलगा हवा असंल, सोड." मी काही सोडलं नाही. तसं त्यांनी मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. शिकवलं, नोकरीला लावलं, लग्नात रडलेसुद्धा. पण ते एक कुसळ राहिलंच. कधीतरी विचारायचं म्हणता म्हणता मी पन्नाशीला आले, आणि आता विचारायला माणूस उरत नव्हता. याचा मला राग यायचा, आणि म्हाताऱ्या माणसावर राग येतो याची लाजही वाटायची.

आबांनी मशीन पहिल्यांदा पाहिलं ते आले त्याच दिवशी. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरले. वर तळवा ठेवला. म्हणाले, "बेअरिंग चांगलं हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायला लागले.

दिवसभर त्यांना सांभाळायला आम्ही गावातलीच एक मावशी ठेवली होती. ती पहिले काही दिवस खूश होती, कारण आबा एका जागी बसतात, त्रास देत नाहीत. मग तिचा फोन यायला लागला. "ताई, आबा उटतच न्हाईत. जेवाया बोलावलं तर न्हाई म्हंत्यात. गोळी घेत न्हाईत. लगवीलासुदिक जात न्हाईत हो." मी फोनवर आबांना समजवायचे. ते हळू आवाजात, जसं काही मीच अडाणी आहे, तसं सांगायचे, "चालू मशीन सोडून जायचं नसतं, बाळ. रिलिव्हर आला की जातो."

"कधी येणार रिलिव्हर?"

"साडेतीनला. आता येईल की."

साडेतीनला मशीन धून वाजवायचं, पण पुढच्या पाळीचा माणूस, रिलिव्हर, कुठून येणार? आणि ड्रम अधूनमधून फिरतच राहायचा, म्हणजे आबांच्या लेखी मशीन चालूच. संध्याकाळी मी दार उघडून आत यायचे तेव्हा ते तसेच बसलेले, पायजमा ओला, ओठ कोरडे. कुणीही आलं की आबा तोंडाकडे बघायचे नाहीत. आधी हातांकडे बघायचे. माझ्याही. मग मान फिरवून पुन्हा काचेकडे.

बाह्यांचा उलगडाही त्याच दिवसांत झाला. गुरुवारी मला सुट्टी असते. मी स्वयंपाकघरात होते आणि साडेनऊला थोडा वेळ होता. पॅसेजमध्ये मशीनचं दार उघडल्याचा खटका ऐकू आला. बघते तर आबा खाली बसून भरलेले शर्ट एकेक करून बाहेर काढतायत, प्रत्येकाच्या दोन्ही बाह्या आत सारतायत, वरून हात फिरवून सपाट करतायत आणि पुन्हा आत ठेवतायत. इतक्या काळजीने मी कधी कुणाला कपडे हाताळताना पाहिलं नाही.

"आबा, काय करताय?"

"लोंबत्या बाह्या गिरकीत सापडत्यात," ते म्हणाले. दार लावलं आणि स्टुलावर बसले. साडेनऊला मशीन आपोआप सुरू झालं. आबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

मला हायसं वाटलं. शर्टांचे हात मशीन खात नव्हतं, आबाच लपवत होते. ते आल्यापासूनच तर हे सुरू झालं होतं. त्यामुळे बाह्या मनगटाशी सुकत नाहीत एवढंच. मी नवऱ्याला फोन करून ही बातमी दिली आणि आम्ही पुन्हा हसलो. पण ते हसणं शेवटचं.

आम्ही मशीन बंद ठेवून पाहिलं. आठवडाभर मी बादलीत कपडे धुतले. पहिल्या दिवशी आबा बंद मशीनसमोर उभे राहिले, मग मावशी वाटण वाटत असताना दार उघडून गेले. दुपारी सापडले ते सर्व्हिस रोडवर, बसच्या थांब्यावर, ऊन डोक्यावर घेऊन. येणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला विचारत होते, "पिंपरी कंपनी?" म्हणजे मशीन चालू ठेवावं तर बसून बसून उपाशी, आणि बंद ठेवावं तर रस्त्यावर. नवऱ्यानेही एकदा प्रयत्न केला. पहिल्या शिफ्टवरून आला तसा आबांसमोर उभा राहून म्हणाला, "चला आबा, मी आलो, तुमची सुटी." तो टी-शर्टमध्ये होता. आबांनी त्याचे उघडे दंड पाहिले आणि म्हणाले, "बाह्या कुठायत तुझ्या?" जेवताना तो म्हणाला, "कुणीतरी दिवसरात्र लक्ष ठेवेल अशा ठिकाणी ठेवायचा विचार करायला हवा." मी ताट सरकवून उठले. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

शेवटी नको तेच झालं. पाणी कमी, खाणं कमी, आबा चक्कर येऊन पडले. तीन दिवस दवाखान्यात. मावशीला मी सुट्टी दिली. मधल्या एका सकाळी घरी येऊन मी मशीन भरलं. नवऱ्याचे तीन शर्ट आणि आबांचा पांढरा, पौर्णिमेला विहारात वंदनेला घालून जायचा तो. प्रत्येक बाही मी मुद्दाम सरळ करून टाकली. आता तरी नीट वाळू देत, असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. कुलूप लावून गेले, संध्याकाळी आले. कुलूप तसंच होतं. नवऱ्याचे तिन्ही शर्ट नीट, बाह्या बाहेर, कोरड्या.

आबांच्या पांढऱ्या शर्टाची उजवी बाही आत गेलेली होती. फक्त उजवी. मी हात घालून ती ओढली तर मनगटाची पट्टी पिळण्याइतकी ओली. बाकी शर्ट हाताला गरम लागत होता.

ड्रम उलटसुलट फिरतो, बाह्या आत जातात. कंपनीचा माणूस हेच म्हणाला होता. मी ते स्वतःला दोन-तीनदा सांगितलं, शर्टाची घडी घातली आणि कपाटात अगदी तळाशी ठेवून दिली. बाही तेव्हा बाहेर होती, हे मला पक्कं आठवतं. मग मी घरात एकटी थांबले नाही, खाली जाऊन सोसायटीच्या बाकावर बसून राहिले.

आबा घरी आले त्या आठवड्यात चाचा त्यांना भेटायला आले. चाचा म्हणजे आबांच्याच कंपनीतले मेंटेनन्सचे फिटर. लहानपणी ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आमच्याकडे डब्यातून यायचा. आता त्यांचीही ऐंशी जवळ आली, मुलांनी पिंपरीत स्पेअर पार्टचं दुकान टाकलंय. आबांनी त्यांना ओळखलं की नाही कळलं नाही. आधी त्यांचे हात बघितले. चाचांनी लगेच कुर्त्याच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या, मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा शांत झाले. मी पाहतच राहिले.

बाहेरच्या खोलीत चहा देताना मी विचारलं, "चाचा, तुम्ही बाह्या का वर केल्यात?"

चाचा म्हणाले, "बेटा, तुला कुणी सांगितलंच नाही?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कंपनीतल्या लेथच्या खात्यात, शिफ्ट बदलताना मशीन बंद करायचे नाहीत. चालू मशीन एका हातातून दुसऱ्या हातात जायचं. येणारा आधी बाह्या कोपराच्या वर दुमडायचा, कारण लोंबती बाही फिरत्या लेथमध्ये गेली की आतला हातही जातो. जाणारा त्या बाह्या डोळ्यांनी बघायचा, बोटाने चाचपायचा. मग म्हणायचा, "दिलं." येणाऱ्याने मशीनवर तळवा ठेवून म्हणायचं, "घेतलं." ते ऐकू येईपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

"एका दिवशी तुझ्या आबाने नाही पाळलं," चाचा म्हणाले. "साडेतीनला दहा मिन्टं होती. शिपाई निरोप घेऊन आला, दवाखान्यात पोरगी झाली म्हणून. तुझा बाप असा नाचला बेटा, काय सांगू. पूर्ण शॉपला ओरडून सांगितलं, पोरगी झाली, पोरगी झाली. रिलिव्हर तिकडं गेटातून येताना दिसत होता. याने लांबूनच त्याला आवाज दिला, दिलं रे, आणि सायकलकडे पळाला. तो बिचारा घाईघाईत मशीनवर आला. बाह्या तशाच."

मी कप खाली ठेवला.

"सायकल स्टँडवर याला मशीनचा आवाज बदललेला कळला. लोकांच्या आधी याला कळला. उलटा पळत आला. उजवा हात गेला त्याचा, खांद्यापासून. रात्रभर तुझा बाप त्याच्याजवळ दवाखान्यात बसून होता. त्याच दवाखान्यात. वरच्या मजल्यावर तू."

तो माणूस जगला. कंपनीने त्याला गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं. शर्टाची रिकामी उजवी बाही तो आत खोचायचा, आणि रोज साडेतीनला शिफ्ट सुटताना आबा त्याच्यासमोरून बाहेर पडायचे. त्याचं गाव राजगुरुनगरच्या पुढे. मी जन्मले त्या तारखेला दरवर्षी आबा त्याच्या घरी जायचे, दिवसभर नुसते बसायचे, त्याच्या शेतात काही काम असेल तर करायचे. घरी हे त्यांनी कधी काढलं नाही, आईजवळसुद्धा. काही वर्षांपूर्वी तो वारला. "तो कधीच याला बोलला नाही," चाचा म्हणाले. "म्हणून तर याचं सुटलं नाही."

चाचा गेल्यावर मी न्हाणीघराचं दार लावून रडले. आयुष्यभर ज्याच्यावर रुसून बसले तो माणूस माझ्या जन्माने नाचला होता. आणि त्या नाचण्याचीच त्याला भीती बसली होती.

पुढच्या गुरुवारी मी ठरवलं. नवरा कामावर होता, मावशीला तीनला घरी पाठवलं. मशीन सकाळी साडेनऊला सुरू झालं होतं. त्याआधी आबांनी सगळ्या बाह्या आत सारल्या होत्या, मी दारात उभं राहून प्रत्येक शर्ट पाहिला होता. मी कपाट उघडून आबांचाच पांढरा शर्ट काढला, कारण पूर्ण बाह्यांचे बाकी सगळे धुवायला पडले होते. ड्रेसवरून चढवायला गेले. डावा हात सरळ गेला. उजवा जाईना. बाही आत होती. मी हात घालून ती ओढून काढली. मनगटाची पट्टी ओली होती. कपाटात ठेवून आठवडा उलटून गेला होता. मला तो शर्ट फेकून द्यावासा वाटला. पण घड्याळात साडेतीनला चार मिनिटं होती, आणि दुसरा शर्ट नव्हता. मी तो घातला. ओली पट्टी मनगटाला थंडगार लागली.

मी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि आवाज करत आत आले. पॅसेज गरम होता. मशीनच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि आबा त्या वाफेकडे बघत बसले होते.

"आलो रे," मी म्हणाले. आवाज माझाच होता का, सांगता येत नाही.

आबांनी वर पाहिलं. माझ्या लोंबत्या बाह्या पाहिल्या आणि ते ताडकन उठले. "बाह्या! आधी बाह्या!"

मी दुमडल्या. त्यांनी पुढे येऊन एकेक घडी बोटांनी चाचपली. उजवी त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी स्वतः ती आणखी एकदा वर दुमडली, कोपराच्या पुष्कळ वर, आणि घट्ट दाबून धरली.

"वर?" त्यांनी विचारलं.

"वर."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "बघ, साडेतीन झालं. मी लवकर न्हाई चाललो. थांबलोय."

"हो रे. बघितलं मी." आबांना मी जन्मात कधी एकेरी बोलले नव्हते. "जा आता. तुला मुलगी झालीय."

त्यांचं तोंड असं फुललं की मला तिथे उभं राहवेना. मी तेवढ्यासाठी पन्नास वर्षं थांबले होते आणि ते बघत होते भलत्याकडेच. "शिपायानं सांगितलं मला," ते म्हणाले. "मी हिला म्हणलंच हुतं, पोरगीच व्हनार. मला पोरगीच पायजे हुती." मग एकदम घाबरले. "लई उशीर तर न्हाई झाला?"

"नाही. ती जागी आहे."

ते माझ्या हातांकडे शेवटचं बघून म्हणाले, "दिलं."

मी मशीनवर तळवा ठेवला. पत्रा चांगलाच तापला होता. "घेतलं."

आबांनी बेसिनपाशी कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलला पुसले, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर आबा सात-आठ महिने होते. पुन्हा कधी स्टुलावर बसले नाहीत. वेळेवर जेवायचे, गोळ्या घ्यायचे, दुपारी झोपायचे, आणि झोपेतच गेले. नवऱ्याने त्या ठिकाणाचं नाव पुन्हा काढलं नाही. मशीन अजून आहे. मी ते फक्त गुरुवारी लावते, आणि दार उघडेपर्यंत स्टुलावर बसून असते. नवऱ्याने एकदा काही न बोलता बाह्या दुमडून माझ्यासमोर येऊन उभं राहून पाहिलं. मी त्या चाचपल्या. नीट होत्या. तरी मला दिलं म्हणवेना. मी त्याला चहा टाकायला सांगितलं.

पण त्या दुपारचं राहिलंच. आबा आत गेले आणि मशीनने धून वाजवली. ड्रम थांबला. मी हात उचलणार तोच ड्रमने एक सावकाश फेरा घेतला आणि वाफेतून काहीतरी काचेला येऊन चिकटलं. एक बाही होती, उजवी, बाहेर आलेली, पंजा असतो तिथे रिकामी. ती काचेवर सपाट राहिली, खाली घसरली नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, लहान मुलाशी बोलतात तसा. "आलो गं, बाळ. आलो. बघू तरी." मग थोडं थांबून, "कुठं गेली?"

मला धावत जावंसं वाटलं. मी इथे आहे, आबा, असं ओरडावंसं वाटलं. पण मी घेतलं म्हणाले होते आणि मशीन चालू होतं.

मी हात उचलला नाही.